फ्रँचाइजी देताय किंवा घेताय? आधी 'नाव' कोणाचं आहे ते फोनवर तपासा!



इन्स्टाग्रामवर थोडं स्क्रोल केलं की एखादं तरी रील समोर येतंच: "स्वतःचा चहाचा ब्रँड सुरू करा", "आमची फ्रँचाइजी घ्या, मशीन आम्ही देऊ, ट्रेनिंग आम्ही देऊ". रीलमध्ये चकाचक काउंटर दिसतो, गिऱ्हाइकांची रांग दिसते, मालकाची मुलाखत दिसते. एक गोष्ट मात्र दिसत नाही. पाटीवरचं ते नाव खरंच त्या मालकाचं आहे का?

दुसरी बाजूही आहे. तुमच्यापैकी काही जणांचं स्वतःचं छोटं दुकान आहे. मिसळ असेल, केक असेल, सलून असेल किंवा क्लासेस. धंदा चांगला चाललाय आणि कोणीतरी येऊन म्हणतं, "भाऊ, तुझ्या नावानं मी नाशिकला शाखा काढतो, तुला दर महिन्याला पैसे देतो." ऐकायला भारी वाटतं. पण हो म्हणण्याआधी काय काय तपासायचं, कोणता अर्ज भरायचा, करारात काय लिहायचं आणि फोनमधली कोणती खाती स्वतःच्या ताब्यात ठेवायची, हे सगळं आज आपण नीट समजून घेऊया.

उदाहरणासाठी मी एक काल्पनिक दुकान धरतो: पुण्यातलं 'भिंगरी चहा'.

फ्रँचाइजीत नेमकं काय दिलं जातं?

आपल्याकडे जुन्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसते: "आमची कोठेही शाखा नाही". लोक त्यावर विनोद करतात, पण त्या पाटीमागे साधा हिशोब आहे. नाव एकाच जागी आहे, मालक स्वतः गल्ल्यावर बसलाय, म्हणजे दर्जावर त्याची नजर आहे.

फ्रँचाइजी याच्या बरोबर उलट असते. इथे तुमचं नाव दुसऱ्याच्या दुकानावर लागतं. जागा त्याची, कामगार त्याचे, गुंतवणूक त्याची. तुमचं असतं ते नाव, लोगो, रेसिपी आणि काम करण्याची पद्धत. हे सगळं वापरण्याची परवानगी तुम्ही ठरावीक काळासाठी देता आणि त्याबद्दल फी किंवा रॉयल्टी घेता. थोडक्यात, तुम्ही नाव भाड्याने देता.

आता घर भाड्याने देताना आपण काय करतो? सातबारा किंवा इंडेक्स टू आपल्या नावावर आहे ना, हे आधी बघतो. नावाचा सातबारा म्हणजे ट्रेडमार्क नोंदणी.

भारतात फ्रँचाइजीसाठी वेगळा असा एकच कायदा नाही. काम चालतं ते मुख्यतः भारतीय करार कायदा १८७२ आणि ट्रेडमार्क कायदा १९९९ यांवर. म्हणजे तुमचा करार आणि तुमची नोंदणी, सगळा भार या दोन कागदांवर असतो.

करार संपल्यावर हातात काय उरतं?

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

समजा 'भिंगरी चहा'ची शाखा तुम्ही पाच वर्षांसाठी दिली. पाच वर्षांनी करार संपला. समोरचा माणूस आता चहा बनवायला शिकलाय, गिऱ्हाईक त्याला ओळखतं, जागा त्याचीच आहे. त्याने त्याच जागी चहाचं दुकान चालू ठेवलं तर? "करार संपल्यावर तीन वर्षं चहाचा धंदा करायचा नाही" अशी अट अनेक जण करारात घालतात. पण करार कायद्याच्या कलम २७ नुसार, कोणाला कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारी अट त्या रोखण्यापुरती रद्द ठरते. त्यामुळे करार संपल्यानंतरची अशी बंदी कोर्टात टिकणं अवघड असतं.

करार चालू असतानाची बंदी ही वेगळी गोष्ट. यावर 'गुजरात बॉटलिंग विरुद्ध कोका कोला' हा १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल प्रसिद्ध आहे. गुजरात बॉटलिंग ही कंपनी कोका कोलाची फ्रँचाइजी होती. तिचे शेअर पेप्सीच्या बाजूकडे गेले आणि वाद पेटला. करार चालू आहे तोपर्यंत दुसऱ्याची शीतपेयं बनवायची-विकायची नाहीत, ही अट कोर्टाने योग्य मानली. करार संपल्यानंतरच्या बंदीला मात्र असा आधार सहजासहजी मिळत नाही.

म्हणजे शेवटी काय? करार संपल्यावर तुम्ही त्याचा चहा बंद करू शकणार नाही. तुम्ही फक्त 'भिंगरी'ची पाटी उतरवायला लावू शकता. आणि ते नाव तुमच्या नावावर नोंदलेलंच नसेल, तर पाटी उतरवणंही मोठं जिकिरीचं काम होऊन बसतं.

मोठ्या कंपन्याही यातून सुटत नाहीत. मॅकडोनाल्ड्सने ऑगस्ट २०१७ मध्ये उत्तर आणि पूर्व भारतातल्या १६९ रेस्टॉरंट्सचा फ्रँचाइजी करार रद्द केला. ही रेस्टॉरंट्स विक्रम बक्षी यांच्यासोबतची भागीदारी कंपनी चालवत होती. रॉयल्टी थकली, असं कंपनीचं म्हणणं होतं. नाव, लोगो, डिझाइन, रेसिपी हे सगळं वापरणं १५ दिवसांत थांबवा, असं सांगण्यात आलं. पण पाट्या काही लगेच उतरल्या नाहीत. कज्जे चालू राहिले आणि शेवटी मे २०१९ मध्ये तडजोड झाली. जगभर ओळख असलेल्या ब्रँडला एवढा वेळ लागला, तर तोंडी बोलीवर नाव देणाऱ्या छोट्या दुकानदाराचं काय होईल, विचार करा.

पायरी १: नाव असं निवडा की ते 'आपलं' होऊ शकेल

प्रत्येक नाव ट्रेडमार्क होत नाही. 'गरम चहा', 'झणझणीत मिसळ', 'पुणे केक शॉप' ही नावं फक्त वस्तूचं किंवा गावाचं वर्णन करतात. असे शब्द सगळ्यांनाच वापरायचे असतात, म्हणून ते एकाच्या ताब्यात सहसा दिले जात नाहीत. कलम ९ मध्ये याच प्रकारच्या हरकती येतात.

'भिंगरी' या शब्दाचा चहाशी काहीही संबंध नाही. म्हणूनच चहासाठी तो तगडा ट्रेडमार्क ठरू शकतो. नियम सोपा आहे: नाव जितकं वस्तूपासून लांब, तितकं ते सांभाळायला सोपं. तयार केलेला नवाच शब्द असेल तर आणखी उत्तम.

आडनावाचं काय? देशपांडे, पाटील, शिंदे अशी आडनावं हजारो लोकांची असतात. आपलं आडनाव प्रामाणिकपणे वापरणाऱ्याला कायदा संरक्षणही देतो. म्हणून फ्रँचाइजीचा विचार असेल तर नुसत्या आडनावावर सगळा ब्रँड उभा करू नका, असं माझं मत आहे.

पायरी २: फोनवरच शोध घ्या

यासाठी पैसे लागत नाहीत. सरकारच्या 'आयपी इंडिया' वेबसाइटवर ट्रेडमार्कचा पब्लिक सर्च सगळ्यांसाठी खुला आहे. फोनवर पान जरा आडवं-तिडवं दिसतं, म्हणून ब्राउझरमध्ये 'डेस्कटॉप साइट' चालू करा.

सर्चमध्ये तीन पर्याय असतात. 'वर्डमार्क'मध्ये शब्द टाकून शोधता येतं, 'फोनेटिक'मध्ये सारख्या उच्चाराची नावं सापडतात आणि 'व्हिएन्ना कोड' हा चित्रं-लोगो शोधण्यासाठी असतो. फोनेटिक सर्च अजिबात टाळू नका. 'भिंगरी' मोकळं दिसलं तरी 'भिंग्री' किंवा 'बिंगरी' कोणीतरी आधीच घेतलेलं असू शकतं. कानाला सारखं वाटणारं नावही अडचण करतं.

सर्च करताना वर्ग क्रमांक द्यावा लागतो. सगळ्या वस्तू आणि सेवा मिळून ४५ वर्गांत विभागल्या आहेत: १ ते ३४ वस्तूंचे, ३५ ते ४५ सेवांचे. आपल्याला नेहमी लागणारे काही असे:

- वर्ग ४३: हॉटेल, कॅफे, खाण्यापिण्याची सेवा
- वर्ग ३०: चहा, कॉफी, मसाले, बिस्किटं, केक
- वर्ग २९: दुधाचे पदार्थ, वेफर्स वगैरे
- वर्ग ३५: दुकानदारी, जाहिरात, व्यवसाय चालवण्यासाठीची मदत
- वर्ग ४१: क्लासेस, प्रशिक्षण
- वर्ग ४४: सलून, ब्यूटी पार्लर
- वर्ग ९: मोबाइल ॲप

'भिंगरी चहा'ला दुकानासाठी ४३ हवा. उद्या पाकिटातली चहा पावडर विकायची असेल तर ३० पण हवा. फ्रँचाइजी देण्याचा व्यवसाय म्हणून ३५ चाही विचार करावा.

आणि हो, सरकारी सर्चवर थांबू नका. गुगल मॅप्स, इन्स्टाग्राम, झोमॅटो, स्विगी सगळीकडे नाव टाकून बघा. कारण नोंदणी न करता जो आधीपासून नाव वापरतोय, त्यालाही हक्क असतो. पुण्यातल्या कॅम्पमधल्या 'बर्गर किंग' रेस्टॉरंटचं प्रकरण बघा. अमेरिकेच्या कंपनीने २०११ मध्ये दावा केला. ऑगस्ट २०२४ मध्ये पुण्याच्या जिल्हा न्यायालयाने तो फेटाळला. पुण्याचं दुकान हे नाव १९९२ पासून वापरत होतं आणि कंपनीची रेस्टॉरंट्स भारतात २०१४ मध्ये आली, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. पुढे प्रकरण वरच्या न्यायालयात गेलं. धडा एवढाच की 'आधी कोण वापरत होतं' या प्रश्नाला कायद्यात मोठं वजन आहे.

पायरी ३: अर्ज करा, पण कोणाच्या नावाने?

अर्जाचं नाव 'फॉर्म टीएम-ए'. ऑनलाइन भरला तर वैयक्तिक अर्जदार, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांच्यासाठी सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये, बाकीच्यांसाठी ९,००० रुपये. लघुउद्योग म्हणून सवलत घ्यायची तर उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं. दोन वर्ग घेतले तर फी दुप्पट. वकील किंवा एजंटची फी वेगळी.

अर्ज भरताना चार गोष्टींवर लक्ष ठेवा:

१. मालक कोण, हे आधी ठरवा. तीन मित्रांनी मिळून दुकान काढलं आणि एकाने घाईत स्वतःच्या नावाने अर्ज टाकला, तर नोंदवहीत मालक तो एकटाच. भागीदारी असेल तर फर्मचं, कंपनी असेल तर कंपनीचं नाव द्या. जो फ्रँचाइजी करारावर सही करणार, तोच नोंदवहीतला मालक असायला हवा.

२. आधी शब्द, मग लोगो. लोगो पुढे बदलतो, शब्द टिकतो. बजेट एकाच अर्जाचं असेल तर मी आधी शब्दाचा अर्ज करेन.

३. मराठी शब्द असेल तर त्याचं रोमन लिपीतलं रूप आणि अर्थ अर्जात द्यावा लागतो.

४. नाव आधीपासून वापरत असाल तर ती तारीख सांगा. त्यासाठी शपथपत्र आणि पुरावे लागतात. पहिलं बिल, शॉप ॲक्टचा कागद, अन्न परवाना, पाटीचं बिल, इन्स्टाग्रामची पहिली पोस्ट, सगळं एका फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याचा बॅकअप घ्या.

अर्जानंतर तपासणी होते. हरकत आली तर अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. इथे खूप जण चुकतात: ईमेल बघत नाहीत आणि अर्ज रखडतो किंवा सोडून दिलेला धरला जातो. सगळं ठीक असेल तर नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं. तिथून चार महिन्यांत कोणीही विरोध नोंदवू शकतो. विरोध झाला नाही तर नोंदणी होते आणि ती अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते. पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण करत राहिलात, तर नाव कायम तुमचं.

अर्ज केला की नावापुढे 'टीएम' लिहिता येतं. गोलातला 'आर' मात्र नोंदणी झाल्यावरच. नोंदणी नसताना तो लावणं बेकायदेशीर आहे.

लोगो डिझायनरचा की तुमचा?

ही गोष्ट बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. फ्रीलान्सरला पैसे दिले, त्याने व्हॉट्सॲपवर फाइल पाठवली, विषय संपला असं आपल्याला वाटतं. पण कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक साधारणपणे ती बनवणारा असतो. तो तुमच्या पगारावरचा कर्मचारी नसेल, तर हक्क तुमच्याकडे आणण्यासाठी लेखी हस्तांतर लागतं.

त्या लेखी कागदातही एक खाच आहे. मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून डिझायनरकडून साधा कागद घ्या: "या लोगोचे सर्व हक्क कायमस्वरूपी आणि जगभरासाठी अमुक यांना दिले." खाली सही आणि तारीख. सोबत मूळ एडिटेबल फाइलही मागून घ्या.

करारात नावाबद्दल काय लिहायचं?

फ्रँचाइजी करार वकिलाकडूनच करून घ्या आणि योग्य स्टॅम्प ड्युटी भरा. पण नावाचा भाग तुम्ही स्वतः वाचा. त्यात एवढं हवंच:

- मालकी: नाव आणि लोगो तुमचेच राहतील, शाखेला फक्त वापरायची परवानगी आहे. शाखेमुळे नावाची जी पत वाढेल तीही तुमचीच.
- कुठे, काय, किती दिवस: कोणता पत्ता, कोणते पदार्थ, कोणती मुदत. "नाशिकमध्ये" असं मोघम लिहू नका.
- दर्जा: कोणती चहा पावडर, कोणता कप, स्वच्छता कशी, तुम्ही केव्हाही जाऊन तपासणी करू शकता. हा फक्त चवीचा प्रश्न नाही. एकाच नावाखाली दहा ठिकाणी दहा प्रकारचा चहा मिळायला लागला, तर त्या नावाला काही अर्थच उरत नाही.
- मिळतंजुळतं नाव नको: शाखावाल्याने 'न्यू भिंगरी', 'श्री भिंगरी', 'ओरिजिनल भिंगरी' असं काही काढायचं नाही, नोंदवायचं नाही.
- निरोपाची यादी: करार संपल्यावर किती दिवसांत पाटी, मेन्यू, गणवेश, कप, रंगसंगती आणि ऑनलाइन खाती काढायची किंवा परत द्यायची.

लेखी करार असण्याचा आणखी एक फायदा आहे. कायद्याच्या कलम ४८ नुसार परवानगीने केलेला वापर हा मालकाचाच वापर मानला जातो. नोंदलेलं नाव सलग पाच वर्षं वापरलंच नाही तर ते काढून टाकण्याची मागणी कोणीही संबंधित व्यक्ती करू शकते. तुमचं मूळ दुकान काही कारणाने बंद पडलं, तरी करारावर चालणारी शाखा तुमचं नाव जिवंत ठेवते.

शाखावाल्याची 'नोंदणीकृत वापरकर्ता' म्हणूनही नोंद करता येते. तशी नोंद असेल तर, करारात उलट काही लिहिलं नसल्यास, नक्कल करणाऱ्यावर तो स्वतःच्या नावाने दावा करू शकतो. नोंद नसेल तर तो हक्क त्याला नसतो, मालकालाच पुढे यावं लागतं.

फोनमधल्या पाट्या कोणाच्या ताब्यात?

आता आपल्या आवडीचा विषय. पूर्वी दुकानाला एकच पाटी असायची. आज गुगल मॅप्स, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप बिझनेस, झोमॅटो-स्विगी, वेबसाइट अशा पाच-सहा पाट्या असतात. लाकडी पाटी उतरवायला शिडी लागते, या पाट्यांना पासवर्ड लागतो. आणि तो बहुतेक वेळा शाखावाल्याकडेच असतो.

गुगल मॅप्स: प्रत्येक शाखेचं बिझनेस प्रोफाइल तुमच्या ईमेलवरून तयार करा. शाखावाल्याला 'मॅनेजर' म्हणून जोडा, 'ओनर' म्हणून नाही. मॅनेजर फोटो टाकू शकतो, वेळ बदलू शकतो, रिव्ह्यूला उत्तर देऊ शकतो, पण मालकी हलवू शकत नाही. करार संपला की त्याला काढा.

इन्स्टाग्राम: शक्य असेल तर एकच मुख्य खातं ठेवा. शाखेचं वेगळं खातं हवंच असेल तर ते तुमच्या ईमेल आणि नंबरवर उघडा आणि टू-फॅक्टर चालू ठेवा. पाच वर्षांत जमलेले फॉलोअर्स हीसुद्धा नावाचीच कमाई आहे.

डोमेन: वेबसाइट बनवणाऱ्या मुलाने डोमेन स्वतःच्या खात्यातून घेतलं असेल तर आजच तुमच्या खात्यात हलवून घ्या. कोणी तुमच्या नावाचं डॉट-इन डोमेन वाईट हेतूने घेऊन बसलं असेल, तर त्यासाठी 'आयएनडीआरपी' ही तक्रार पद्धत आहे. तिथेही नावावर तुमचा हक्क दाखवावा लागतो.

फोन नंबर: पाटीवर आणि व्हॉट्सॲपवर शाखावाल्याचा खासगी नंबर छापू नका. सिम तुमच्या नावावर घ्या. गिऱ्हाइकाच्या फोनमध्ये 'भिंगरी चहा' या नावाने जो नंबर सेव्ह आहे, तो कराराबरोबर निघून जायला नको.

फ्रँचाइजी घेणाऱ्यांनी काय तपासायचं?

पैसे देण्याआधी पंधरा मिनिटं काढा.

समोरच्याकडून ट्रेडमार्कचा अर्ज क्रमांक मागा. देत नसेल किंवा "प्रोसेसमध्ये आहे" एवढंच म्हणत असेल, तर तिथेच सावध व्हा. क्रमांक मिळाला की आयपी इंडियाच्या वेबसाइटवर 'ॲप्लिकेशन स्टेटस'मध्ये टाका. 'रजिस्टर्ड' दिसलं तर चांगलं. 'ऑब्जेक्टेड' म्हणजे कार्यालयाची हरकत आहे. 'अपोज्ड' म्हणजे दुसऱ्या कोणीतरी विरोध केलाय. 'अबॅन्डन्ड' किंवा 'रिफ्यूज्ड' असेल तर ज्या नावासाठी तुम्ही लाखो रुपये मोजताय, त्याची नोंदणी झालेलीच नाही.

मग तीन गोष्टी जुळवून बघा: मालकाचं नाव करारातल्या नावाशी जुळतं का, वर्ग तुमच्या धंद्याचा आहे का आणि मुदत शिल्लक आहे का. कपड्यांच्या वर्ग २५ मधली नोंदणी दाखवून चहाची फ्रँचाइजी विकली जात असेल तर ती तुमच्या कामाची नाही.

मालक खरा असला तरी समोरचा माणूस त्याचाच आहे का, हेही बघा. अमूलच्या नावाने डीलरशिप आणि फ्रँचाइजी देतो म्हणून बनावट वेबसाइट्स निघाल्या, लोकांकडून पैसे घेतले गेले आणि २०२० मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. कोर्टाने ती डोमेन बंद करण्याचे आदेश दिले. डोमेनमध्ये ब्रँडचं नाव आणि पुढे 'फ्रँचाइजी' किंवा 'डीलर' असा शब्द जोडला की ती साइट अधिकृत होत नाही. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसते म्हणून तर मुळीच नाही, वरच्या जागा जाहिरातीच्याही असतात. पाकिटावर किंवा मूळ वेबसाइटवर छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करा. पैसे कंपनीच्याच बँक खात्यात भरा, कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर नाही.

कोणी नावाचा गैरवापर केला तर?

आधी पुरावा गोळा करा: तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट, पाटीचे फोटो, तिथलं बिल. मग वकिलामार्फत नोटीस. इन्स्टाग्राम, फेसबुक, गुगल यांच्याकडे ट्रेडमार्क तक्रारीचे वेगळे फॉर्म असतात. नोंदणी क्रमांक हाताशी असेल तर काम बरंच सोपं होतं, नुसतं "हे आमचं नाव आहे" म्हणून भागत नाही.

कोर्टात जायची वेळ आली तर नोंदणीवाल्याला उल्लंघनाचा दावा करता येतो. कलम १३४ मुळे, काही मर्यादांसह, तो आपला व्यवसाय जिथे चालतो तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. नोंदणी नसेल तर 'पासिंग ऑफ'चा दावा उरतो. त्यात आपली बाजारातली पत, लोकांची झालेली दिशाभूल आणि झालेलं नुकसान, सगळं सिद्ध करावं लागतं. म्हणजे काम वाढतं, खर्चही वाढतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

नोंदणी पूर्ण व्हायच्या आधी फ्रँचाइजी देता येते का?
कायद्याने बंदी नाही. पण अर्ज तरी झालेला असावा आणि "अर्ज प्रलंबित आहे" हे करारात स्पष्ट लिहावं. अर्ज नाकारला गेला तर फी परत करायची का, तेही आधीच ठरवा.

कंपनी नोंदवली किंवा शॉप ॲक्ट काढला, मग ट्रेडमार्क कशाला?
त्या नोंदण्या धंदा चालवण्यासाठी आहेत. त्याने नावावर ट्रेडमार्कचा हक्क मिळत नाही. जीएसटी आणि डोमेनचंही तसंच.

दुबईत शाखा द्यायची असेल तर भारतातली नोंदणी चालेल का?
नाही. ट्रेडमार्क देशापुरता असतो. भारत २०१३ पासून 'माद्रिद' पद्धतीत आहे आणि संयुक्त अरब अमिराती २०२१ च्या अखेरीपासून. त्यामुळे इथूनच अर्ज करून तिथे संरक्षण मागता येतं. पण ते तिथली शाखा उघडण्याआधी करा.

शाखा सख्ख्या भावाला किंवा मित्राला देतोय, तरी करार हवा?
तेव्हा तर नक्कीच हवा. परक्याशी आपण व्यवहार लिहून ठेवतो, नात्यात मात्र "बघू नंतर" म्हणतो आणि मग दोन 'ओरिजिनल' पाट्या समोरासमोर लागतात.

तर मित्रांनो, मशीन, काउंटर, रेसिपी हे सगळं पुन्हा विकत घेता येतं, पुन्हा बनवता येतं. गिऱ्हाईक ज्या नावाने तुम्हाला शोधतं ते नाव एकदा हातातून गेलं की परत मिळवायला वर्षं जातात. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी सर्च, मग अर्ज, मग लेखी करार आणि त्यानंतरच दुसऱ्या दुकानावर पाटी. आत्ता फोन हातात आहेच, तर तुमचं नाव पब्लिक सर्चमध्ये टाकून बघा. कोणी मित्र फ्रँचाइजीचं रील बघून पैसे भरायच्या विचारात असेल, तर हा लेख त्याला पाठवायला विसरू नका.